कृष्णातचा माईक, काकांचा गूळ

कृष्णात मोहित्याला पाहिलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "उंची किती हो तुमची?" आणि दुसराही ठरलेला, "वर हवा कशी हाय?" हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला असं प्रत्येकाला वाटायचं. कृष्णात दोन्ही प्रश्नांना नुसता हसायचा. साडेसहा फुटांचा गडी, मलकापूरच्या पलीकडं उसाच्या रानात घर, आणि बोलणं इतकं कमी की पाहुण्यारावळ्यांत त्याला कुणी मुका समजलं तर घरच्यांना नवल वाटायचं नाही. त्याची आई बनुबाई म्हणायची, "ह्याच्या तोंडाला जन्मापासनं कुलूप हाय. आन किल्ली कुठं ठिवली, ती मलाच घावंना."

आता असा माणूस पुढं बोलण्याचं खाईल, दर रविवारी हजारो लोक त्याचा आवाज ऐकायला मोबाइल उघडून बसतील, असं कुणी सांगितलं असतं तर मलकापूरच्या पारावर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं ते तसंच झालं. आणि ते कुणामुळं झालं हे खुद्द कृष्णातलाही पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं, म्हणून ही गोष्ट सांगायची.

मोहित्यांच्या घरात फौज पिढीजात. आजा फौजेत, बाप फौजेत, दोन चुलते फौजेत. कृष्णात भरतीला गेला तेव्हा तिथल्या सुभेदारानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, त्याला वेळच लागला म्हणा, आणि म्हणाला, "याला रायफल नंतर द्या, आधी बॉल द्या." कराडच्या कॉलेजात पोरगा बास्केटबॉल खेळलेला होताच. पंधरा-सोळा वर्षं तो फौजेच्या संघातून खेळला. वर्दी उतरवली तेव्हा देशात बास्केटबॉलची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली होती. दक्षिणेतल्या एका संघानं त्याला उचलला. पेपरात फोटो आला, गावात फलक लागला, फलकावर त्याचं डोकं मावलं नाही म्हणून रंगाऱ्यानं ते जरा चेपलं. दुसऱ्या हंगामात उडी मारून खाली येताना उजवा गुडघा आतून तुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चालाल, फिराल. खेळणं विसरा."

विसरा म्हणायला काय जातं! ज्याचं जातं त्याला कळतं.

कृष्णात घरी आला. बायको राजेश्वरी कराडच्या दवाखान्यात नर्स, ती संध्याकाळी उशिरा यायची. शेत चुलतभाऊ बघायचा. कृष्णात सोप्यात खाटेवर गुडघा लांब करून बसायचा आणि टीव्हीवर लीगच्या मॅचेस लावायचा. पण आवाज बंद करून. आपलाच संघ खेळतोय, आपल्या जागी दुसराच उभा आहे, आणि वर ती इंग्रजीतली गडबड ऐकायची, हे त्याला सोसायचं नाही.

सोप्याला लागूनच चूल. गॅस होता, पण बनुबाईची भाकरी चुलीवरचीच. ती टीव्हीकडं पाठ करून बसायची, हात पिठात, डोळा तव्यावर. एक दिवस ती उखडलीच.

"आरं, आवाज बंद करून मुक्यागत काय बघतूयास? टीव्ही बी मुका, तू बी मुका. मला तरी सांग काय चाललंय!"

"तुला काय कळणाराय त्यातलं."

"तू सांग, मग बघू कळतंय का न्हाई."

आईचा शब्द मोडायची रीत त्या घरात नव्हती. कृष्णात सांगायला लागला. आधी एकेक शब्द, मग एकेक वाक्य. आई पाठमोरी, तिला दिसत काही नाही, म्हणजे सगळंच सांगावं लागायचं. बॉल कुणाकडं, कुठून कुठं चाललाय, कोण अंगावर आलं. कुठं अडलं की ती भाकरी थापता थापता विचारायची, "थांब. स्क्रीन म्हंजी काय?"

"म्हंजी आपला एक गडी त्यांच्या माणसाच्या वाटेत जाऊन उभा राहतो. हलत न्हाई. धडक बसली तरी हलत न्हाई. मग मागनं आपला दुसरा मोकळा सुटतो आणि बास्केट करतो."

बनुबाईनं क्षणभर विचार केला. "म्हंजी नळावर मी घागर घिऊन आडवी हुबी ऱ्हाते, धक्के खाते, आन माझ्या मागनं राजेश्वरी तिची कळशी भरून घेती. तसं?"

कृष्णात थक्क झाला. त्याला स्क्रीन शिकवायला फौजेच्या कोचला आठवडा लागला होता. "व्हय आई. अगदी तसं."

"मग त्या आडव्या हुबारलेल्याला काय मिळतं?"

"काय न्हाई. नाव बास्केट करणाऱ्याचं होतं."

"वा! चांगलाय तुमचा न्याय," असं म्हणून तिनं भाकरी उलटली.

कृष्णात स्वतः आयुष्यभर सेंटरच्या जागी खेळलेला, म्हणजे आडवं उभं राहणं हाच त्याचा धंदा. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. मग रोजचंच झालं. चुलीपाशी आई, खाटेवर लेक, आणि मध्ये मॅच.

पण चुलीपाशी बोलून पोट भरत नाही. फौजेची पेन्शन होती, ऊस होता, उपाशी मरायची वेळ नव्हती. तरी छत्तिशीतला धडधाकट गडी खाटेवर किती दिवस बसणार? ओळखीच्या माणसानं पुण्याच्या एका कंपनीत सिक्युरिटीच्या नोकरीचं जमवून दिलं. माजी फौजी, उंचापुरा, त्यांना तर फाटकावर असाच माणूस हवा होता. त्या कामात कमीपणा काही नाही, फौजेतून आलेली किती माणसं ते इमानानं करतात. पण कृष्णातला एक गोष्ट पक्की माहीत होती. एकदा त्या फाटकावर उभं राहिलं की खेळाशी असलेला शेवटचा धागा तुटला. बॉलच्या जवळपास राहायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. ते कसं मिळेल हे सुचत नव्हतं. फेब्रुवारीच्या एक तारखेला हजर व्हायचं ठरलं.

जानेवारीत सांगलीहून जवाहरकाकांचा फोन आला. "आमच्या मंडळाच्या बास्केटबॉलच्या स्पर्धा हायत. तू पाहुणा म्हणून यायचंस. नाही म्हणायचं काम नाही."

जवाहरकाका मगदूम म्हणजे सांगलीच्या गूळ बाजारातले अडते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात कायम गुळाचे खडे. दुकानी कुणीही येवो, आधी गूळ-पाणी. चहा गुळाचा. मंडळाच्या मैदानावर पोरानं चांगलं बास्केट केलं की काका खिशात हात घालणार आणि खडा त्याच्या तळहातावर ठेवणार. आणि दुसऱ्याला एक दिला की स्वतःच्या तोंडात एक टाकणार, हा नेम. गुणमालाकाकू, त्यांची बायको, म्हणायच्या, "आमच्या यांना देवानं रक्ताऐवजी काकवी भरलीया." वर माणूस सत्याचा. अडत्याचा धंदा आणि खोटं बोलायचं नाही, म्हणजे माशानं पाण्यात ओलं व्हायचं नाही म्हणण्यातला प्रकार. पण काकांनी ते निभावलं होतं. काकांनी भाव सांगितला की शेतकरी दुसऱ्या दुकानाकडं वळत नसत.

आणि काकांचा दुसरा जीव बास्केटबॉलवर. मंडळाच्या मैदानावर तीस-पस्तीस वर्षं माईक त्यांच्याच हातात. सतरा वर्षांचा कृष्णात पहिल्यांदा तिथं खेळला तेव्हा त्याचं नाव पहिल्यांदा भोंग्यातून वाजलं ते काकांच्याच आवाजात, "ह्यो कराडचा कृष्णात! नाव ध्यानात ठेवा मंडळी!" आणि मॅचनंतर हातावर गूळ. तो खडा कृष्णात विसरला नव्हता.

बनुबाईचे डोळे मिरजेला दाखवायचे होतेच, म्हणून मायलेक मिळूनच निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदू पिकायला अजून वेळ आहे म्हणून सांगितलं, आणि दुपारून दोघं सांगलीत मैदानावर पोचली. कृष्णातला माईकच्या टेबलाशी काकांच्या शेजारी खुर्ची. बनुबाई बायकांत, दुसऱ्या रांगेत. मॅचेसच्या मधल्या चहाला ती काकांपाशी आली आणि बोलून गेली, "आवं काका, ह्याला कायतरी सांगा की. घरात चुलीपाशी मला समदी मॅच सांगतोय, आगदी रंगून. आन बाहेर आला की दगड. आता निघालाय पुण्याला फाटक राखायला. जीव रमायचा न्हाई ओ त्याचा."

काकांनी गुळाचा खडा तिला दिला, एक स्वतःच्या हातात घेतला आणि तो तोंडात न टाकता परत खिशात ठेवला. त्या वेळी त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

शेवटची मॅच लांबली. तासगावची पोरं आणि सांगलीची पोरं, गुण बरोबरीत, जादा वेळ द्यावा लागला. सूर्य पलीकडच्या इमारतीवर टेकला. काकांनी मान वळवून आभाळाकडं पाहिलं आणि उठले.

"धर रं कृष्णात. माझं अंथऊ राहिलंय."

अंथऊ म्हणजे दिवस मावळायच्या आत करायचं जेवण. सांगलीकडच्या जैन घरांत हा नियम पाळणारी माणसं पुष्कळ, आणि काकांचा तर लहानपणापासूनचा. एकदा मुलीच्या लग्नात पंगत लांबली तर काका वऱ्हाडात उपाशी राहिले, पण दिवस मावळल्यावर घास घेतला नाही. त्यामुळं अंथऊ म्हटल्यावर त्यांना थांबवणार कोण? माईक कृष्णातच्या हातात देऊन काका चालू लागले.

"आवं काका, मला न्हाई..." एवढंच कृष्णातच्या तोंडून निघालं, आणि तेही भोंग्यातून अख्ख्या मैदानानं ऐकलं. लोक हसले. मॅच सुरू झाली. कृष्णात माईक धरून उभा. वीस हजार लोकांपुढं खेळलेला माणूस, पण पाचपन्नास ओळखीच्या चेहऱ्यांपुढं जीभ टाळूला चिकटली.

"काय रं, माईक बंद पडला काय?" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. कृष्णातला वाटलं, माईक ठेवावा आणि सरळ एसटी स्टँड गाठावं.

तेवढ्यात बायकांतून खणखणीत आवाज आला. "आरं किष्णा! काय झालं सांग की! म्होरं ह्यो बाप्या पागोटं घालून बसलाय, मला कायबी दिसंना!"

आणि कृष्णातच्या तोंडून, रोजच्या सवयीनं, आपसूक निघून गेलं, "आई, बॉल तासगावकडं हाय. डावीकडनं बारीक चणीचा पोरगा निघालाय, बघ, पळतोय लय, पण डोकं खाली घालून पळतोय, त्याला म्होरचा भिडू दिसंना... आता दिसला! दिला! आन गेला! दोन गुण, आई!"

"कुणाचं?" बनुबाई ओरडली.

"तासगावचं!"

"मग वरडतोस कशाला, आपण सांगलीचा गूळ खाल्लाय!"

मैदान हसून लोळलं. पण हसता हसता लोक ऐकायला लागले. कृष्णात आईला सांगत गेला. कुणाचा पाय दमलाय, कोण आता फाउल करणार, कोण पोरगं रागावलंय आणि रागातच चुकणार. तो म्हणायचा आणि पुढच्या घटकेला ते व्हायचं. मागच्या रांगेतले पुढं सरकले. पागोटेवाला बाप्या पागोटं काढून बसला. सांगलीची पोरं शेवटच्या बास्केटनं जिंकली तेव्हा कृष्णातचा आवाज फुटला होता, आणि तो रडतोय की हसतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. खेळ संपल्यापासून पहिल्यांदा तो मैदानावर होता.

काका परतले ते मॅच संपल्यावर. कृष्णातनं माईक पुढं केला. "काका, झालं जेवण?"

"पोट भरलं माझं," काका म्हणाले, आणि माईक न घेताच बक्षिसांच्या टेबलाकडं गेले.

मंडळाची पोरं मोबाइलवरून मॅच लाईव्ह दाखवत होती. तो तुकडा फिरत फिरत पुण्याला पोचला, भाग्यश्री चौगुले नावाच्या बाईंपर्यंत. या मूळच्या सांगलीच्या, आणि लीगच्या मॅचेस मराठीतून दाखवायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी फोन केला. "चाचणी घेऊ. जमलं तर या हंगामापासून समालोचन तुमचं."

कृष्णातनं कंपनीकडून आठ दिवसांची सवड मागितली. त्यांनी दिली, पण बजावलं की त्यानंतर माणूस दुसरा बघू.

आणि चाचणीत कृष्णातनं माती खाल्ली. दोष कुणाचाच नाही. आपण खेडवळ बोलतो, पुण्यात जाऊन नीट बोललं पाहिजे, असं ठरवून त्यानं आठ दिवस पेपरातलं मराठी पाठ केलं होतं. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, समोरच्या पडद्याकडं बघत तो म्हणाला, "चेंडू आता प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रामध्ये प्रवेश करीत आहे," आणि हे वाक्य संपेपर्यंत चेंडू जाळीतून खाली पडून परत मधोमध आला होता. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. मग तर शब्दच संपले. भाग्यश्रीताईंनी मॅच थांबवली.

"त्या दिवशी कुणाला सांगत होतात हो तुम्ही?"

"आईला."

"मग आत्ता आई कुठंय?"

"घरी. भाकऱ्या करत असंल."

"लावा फोन."

कृष्णातला वाटलं थट्टा चाललीय. पण बाई गंभीर होत्या. फोन लागला, टेबलावर ठेवला.

"आई, तुला मॅच सांगायचीया."

"आत्ता? बरं, सांग. पर जोरानं बोल, चूल धुमसतीया."

झालं! कुलूप उघडलं. चुलीपासून पुण्याच्या काचेच्या खोलीपर्यंत मॅच वाहायला लागली. मध्येच आईचा प्रश्न, "कोण पडला? आपला का त्यांचा?" मध्येच तिचा निकाल, "त्येला बाहेर काढा म्हणावं, नुसता हिंडतोय." काचेपलीकडची माणसं तोंडावर हात धरून हसत होती. शेवटी बनुबाईच म्हणाली, "बास आता, तवा तापलाय. जिंकलं की सांग."

भाग्यश्रीताई म्हणाल्या, "जिंकलात."

पुण्याच्या कंपनीला कृष्णातनं नम्रपणे नाही कळवलं. हंगाम सुरू झाला. पहिल्या मॅचनंतर दोन-चार जणांनी लिहिलं, ही कसली अशुद्ध भाषा! भाग्यश्रीताईंनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "लक्ष देऊ नका." मग कुणी गडहिंग्लजहून लिहिलं, आमची आजी मॅच ऐकते. कुणी सीमेवरून, फौजेतून लिहिलं, घरची आठवण आली. कृष्णात दर रविवारी काचेच्या खोलीत बसायचा, समोर पडदा असायचा, पण त्याच्या मनात एक पाठमोरी बाई असायची, पिठाचे हात, आणि तिला सगळं सांगायचं असायचं. खेळणं गेलं होतं, खेळ परत आला होता. देवाचे, आईचे, भाग्यश्रीताईंचे त्याच्या मनात उपकार मावत नव्हते. आणि त्या दिवशी सूर्य नेमक्या वेळेला मावळला याचेही!

"आई, काकांचं अंथऊ नसतं तर मी आज फाटकावर असतो," तो म्हणायचा.

एप्रिलात हंगाम संपला. कृष्णातनं ठरवलं, काकांना भेटायचं, आणि रिकाम्या हातानं नाही. गूळ बाजारातल्या अडत्याला गूळ नेणं म्हणजे गंगेला पाणी नेणं, पण हा गूळ त्याच्या स्वतःच्या उसाचा. गावातल्या गुऱ्हाळावर तो काहिलीपाशी दिवसभर उभा राहिला. छोटी, सोन्यासारखी ढेप पाडून घेतली. स्वच्छ फडक्यात बांधली आणि आईला घेऊन सकाळच्या गाडीनं सांगली गाठली.

काकांनी दारातच मिठी मारली, म्हणजे कृष्णातच्या पोटाला मिठी मारली. "रविवार चुकवला नाही मी एकबी. शेवटी शेवटी फार गडबडीनं बोलतोस. दम घेत जा."

कृष्णातनं ढेप पुढं ठेवली. फडकं सोडलं, कोपऱ्याचा एक खडा मोडला आणि रीतीप्रमाणं काकांच्या ओठाशी नेला. "काका, पयला घास तुमचा."

काकांनी मान मागं घेतली. हातानं त्याचा हात हळूच खाली केला. "असू दे. ठेव."

"आवं, माझ्या रानातला हाय."

"दिसतोय की. रंगावरनंच कळतंय. ठेव म्हटलं ना."

त्यांनी ढेप पुन्हा फडक्यात बांधली, उचलून वरच्या फळीवर ठेवली. चहा आला. तो साखरेचा होता. या घरात साखरेचा चहा! कृष्णातनं कप हातात धरला, पण त्याचा चेहरा उतरला. काकांना राग आलाय का? तीन महिने आपण फिरकलो नाही म्हणून? का माणूस टीव्हीवर गेला की शेफारतो असं वाटलं यांना? विचारायचं धाडस होईना. जुना मुका कृष्णात परत येऊन खुर्चीत बसला.

बाहेरून गिऱ्हाइकाची हाक आली, काका दुकानात गेले. गुणमालाकाकू मायलेकांकडं बघत उभ्या होत्या. त्यांना राहवेना.

"मनाला लावून घेऊ नका. गूळ सोडलाय त्यांनी. वर्षासाठी."

"का ओ? काय आजारबिजार झाला व्हय?" बनुबाई घाबरली.

"आजार कसला. जानेवारीत त्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जैन बस्तीच्या देवळात देवापुढं उभे राहिले आन नियम घेतला. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोललो, त्याचं प्रायश्चित्त."

"काका आन खोटं?" कृष्णात म्हणाला.

काकूंनी दुकानाकडं एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "अरे बाळा, त्या दिवशी यांचं एकभुक्त होतं. दिवसात एकदाच जेवायचं, ते दुपारीच झालेलं. त्यानंतर तोंडात काही घालायचं नाही. अंथऊ कसलं डोंबलाचं! माझ्याकडं घरी आलेच नाहीत. तुझ्या हातात माईक देऊन पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभे राहिले, मॅच संपेस्तोवर. रात्री मला सांगताना हसत होते आन डोळे पुसत होते. मी म्हटलं, सरळच सांगायचं की पोराला, बोल म्हणून. तर म्हणाले, नुसतं बोल म्हटलं असतं तर त्यानं माईक परत दिला असता. माझ्या नियमाला मात्र तो नाही म्हणणार नाही."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. तिला चहाच्या वेळचं आठवलं, हातात घेतलेला आणि परत खिशात गेलेला तो गुळाचा खडा. एकभुक्त होतं ते! "मीच त्यास्नी गाऱ्हाणं सांगितलं रं," ती पुटपुटली.

कृष्णातला एकेक उलगडत गेलं. ज्या माणसानं उभ्या बाजारात एका रुपयासाठी खोटं सांगितलं नाही, त्यानं आपल्यासाठी आपलं खरेपण मोडलं. आणि वर ज्या गुळावर जीव, तोच सोडला. कुणाला कळू न देता. रविवारमागून रविवार साखरेचा चहा पीत आपल्याला ऐकत बसला.

काका हात पुसत आत आले. तिघांचे चेहरे बघून त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी काकूंकडं डोळे वटारले. काकू कपबशा गोळा करायला लागल्या.

कृष्णात उठला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. आता तर त्याचा तो धंदाच होता. पण ओठ हलले आणि आवाज काही फुटेना.

काकांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "काय रं, माईक बंद पडला काय?"

तेव्हा कृष्णात खाली वाकला. गुडघा दुमडायला डॉक्टरांची मनाई होती, गुडघ्यानं ती मोठ्यानं आठवणही करून दिली, पण तो वाकला आणि काकांच्या पायावर त्यानं डोकं ठेवलं.

"काका," तो म्हणाला, "स्क्रीन लय भारी लावलीत."

"ऊठ, ऊठ. गुडघा सांभाळ," काका म्हणाले. "आन ती ढेप हाय तशी हाय वर. कुणाला हात लावू देणार नाही मी. जानेवारीत ये आईला घेऊन. मिळून फोडू."